सहा फूट कमी

आमच्या गावात अंगणातला पालापाचोळा पेटवायचा म्हटलं तरी आधी मिसेस क्विंबींच्या स्वयंपाकघरात जाऊन परवाना आणावा लागतो. त्या गावच्या फायर वॉर्डन, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या अधिकारी. त्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली, आणि पहिल्याच वर्षी त्या बसमध्ये सात वर्षांचा मी होतो. आज मी अठ्ठावन्नचा आहे, तरी त्या मला अरेतुरे करतात आणि मी त्यांना मिसेस क्विंबी म्हणतो. निम्म्या गावाची हीच गत आहे, म्हणून त्यांचं 'नाही' कोणी मोडत नाही.

परवाना मागितला की त्या आपली जुनी पिकअप काढून स्वतः जागेवर येतात. वाऱ्याचा अंदाज रेडिओवर ऐकलेला असतोच, पण त्यावर भरवसा ठेवत नाहीत. वाकून मूठभर सुकं गवत उपटायचं आणि बोटांत दुमडायचं. वाकलं तर सही, कटकन मोडलं तर घरी चहा प्यायला जायचं. एकदा त्यांनी सख्ख्या भावाचा परवाना असाच नाकारला. तो वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि त्या दर रविवारी त्याच्या दारात पाव ठेवून येत राहिल्या.

तर माझी कथा. आमच्याकडे सफरचंदाची सव्वीस झाडं आहेत. माझी बायको लुएला हिच्या आजोबांनी एका जंगली झाडावरून कलमं बांधून ती वाढवली. त्या सफरचंदाला कुठल्या रोपवाटिकेत नाव नाही, कारण ते दुसरीकडे कुठे नाहीच. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यातल्या नऊ झाडांना करपा लागला. हिवाळ्यात मी रोगट फांद्या छाटल्या आणि बागेच्या टोकाला, स्प्रूसच्या उंच झाडांच्या सावलीत त्यांचा घराएवढा उंच ढीग घातला. तो मोहोराआधी जाळायलाच हवा होता. ऊन तापलं की त्या फांद्यांतून रोगाचा चिकट रस पाझरतो, माशा त्यावर बसतात आणि तिथून उठून फुलांवर जातात.

आता गावचा नियम असा, की ढिगाच्या चहूबाजूंनी पन्नास फूट जमीन बर्फाने झाकलेली असेल तर परवाना लागतच नाही. म्हणून आम्ही सगळे फेब्रुवारीत खुर्ची टाकून, कॉफी पीत, निवांत जाळतो. मीही जाळणार होतो. पण एका रविवारी गुडघा दुखत होता, एका रविवारी मॅच होती. बर्फ काय, एप्रिलपर्यंत कुठे पळून जातोय, असं आमच्याकडचा प्रत्येक माणूस म्हणतो आणि दर चार-पाच वर्षांनी तोंडघशी पडतो. या खेपेला माझी पाळी होती. मार्चअखेर चार दिवस ऊन पडलं आणि ढिगाच्या तीन बाजूंना सावलीतला गुडघाभर बर्फ उरला, पण चौथ्या बाजूला, गवताच्या रानाकडे, नुसती तपकिरी जमीन.

मिसेस क्विंबी आल्या. गवत मोडलं. मी करप्याचं सांगितलं, मोहोराचं सांगितलं, आवाजही चढवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ऑरिन, त्या रानापलीकडे अकरा घरं आहेत. पाऊस पडू दे, मग ये."

पावसाचं दोन आठवडे नाव नव्हतं आणि कळ्या फुगायला लागल्या होत्या. लुएला रोज सकाळी एक डहाळी तोडून आणायची आणि माझ्या ताटाजवळ ठेवायची. माझी चूक होती हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच राग मिसेस क्विंबींवर निघत होता.

मग डोक्यात किडा वळवळला. बर्फ नाही ना, मग आणू. कोठाराच्या मागे छपरावरून घसरलेला बर्फ होता, चर्चच्या आवारात यंत्राने लोटलेला काळपट डोंगर होता. मी ट्रॅक्टर काढला आणि दोन दिवस बर्फ वाहून त्या चौथ्या बाजूला पसरला. शेजारचा ऑल्डन कुंपणावर कोपर टेकून बघत होता. पेरणी कशी काय चाललीय, एकरी उतारा किती पडेल, असं विचारत होता. दुसऱ्या दिवशी तर त्याने पाहुणे बोलावून आणले.

कोणीतरी फोन केलाच. मिसेस क्विंबी मोजपट्टी घेऊन हजर झाल्या. मी कंबर कसून उभा राहिलो. त्यांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला, ते पान दोनदा वाचलं.

"बर्फ आभाळातूनच पडलेला हवा, असं यात कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

ऑल्डनचं हसू तिथेच विझलं. मग त्यांनी पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं आणि चारी बाजू मोजल्या. रानाकडच्या कोपऱ्यात पट्टी चव्वेचाळीसवर थांबली.

"सहा फूट कमी आहे."

"सहा फुटांनी काय आभाळ कोसळतंय, मिसेस क्विंबी?" मी म्हणालो. "गावात आता टोपलीभर बर्फ उरलेला नाही. मी सगळा खरवडून आणलाय."

"सहा फूट म्हणजे सहा फूट," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या. त्यांच्या पाठीमागे मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तासाभराने पिकअप परत आली. मागचा हौदा बर्फाने शिगोशीग भरलेला. त्यांच्या घरामागच्या उताराच्या घळीत मेपर्यंत बर्फ टिकतो, तो त्यांनी स्वतः फावड्याने भरून आणला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षाला टेकलेली बाई, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी धावत जाऊन फावडं घ्यायला लागलो तर देईनात.

"सूट देता येत नाही मला," त्या म्हणाल्या. "बर्फ देता येतो."

ऑल्डनने कुंपणावरून उडी मारली आणि घमेलं उचललं. लुएला आली, पाहुणेही लागले. कोपरा भरला. मिसेस क्विंबींनी पुन्हा मोजलं, एकावन्न भरलं, आणि त्यांनी मान हलवली. आता परवाना लागत नव्हता, त्यांची सही लागत नव्हती, त्यांचं इथे कामही उरलं नव्हतं. तरी त्यांनी पाण्याचा पाइप ओढून घेतला, माझी खुर्ची रानाकडच्या बाजूला ठेवली आणि बसल्या.

ढीग छान पेटला. दोनच्या सुमाराला वाऱ्याची एकच झुळूक आली. रेडिओवर तिचा उल्लेख नव्हता. मनगटाएवढी जळती फांदी ढिगाच्या माथ्यावरून उचलली गेली, माझ्या डोक्यावरून गेली आणि त्या कोपऱ्यात, शेवटच्या सहा फुटांत पडली. बर्फात चर्र आवाज झाला. तिच्यापासून हातभर अंतरावर सुकं गवत सुरू होत होतं आणि त्यापलीकडे अकरा घरं होती.

मिसेस क्विंबी उठल्या, फांदी बुटाने बर्फात दाबली, वर पाणी मारलं आणि परत येऊन बसल्या. 'बघितलंस?' असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या म्हणाल्या, "कॉफी आहे का रे?"

त्या क्षणी मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की कॉफी आणायचंही सुचेना. लुएलानेच कॉफी आणली.

त्या मोसमात सव्वीसही झाडं फुलली. या फेब्रुवारीत माझ्या छाटलेल्या फांद्यांभोवती चहूकडे कमरेइतका बर्फ होता, परवान्याची गरजच नव्हती. तरी मी सकाळी मिसेस क्विंबींच्या दारात जाऊन उभा राहिलो, टोपी काढली आणि विचारलं, आज जाळू का. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि भिंतीवरची मोजपट्टी काढून घेतली.