बायाबाईचा उरलेला डोळा

बायाबाईचा डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला होता. उजवा उरला. त्या एका डोळ्यावर ती तलावकाठी जाळी सांधायची, सुनेचं हसू पाहायची, दिवस ढकलायची.

तो उरलेला डोळा महिन्यापूर्वी लाल झाला. शेजारच्या सीताबाईकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांची अर्धी बाटली होती. "माह्या डोळ्याले कशी थंडगार पडली, टाकून पाय," ती म्हणाली. रंजूनं सासूच्या डोळ्यात टाकली. लाली गेली, पण थंडावा गोड लागला म्हणून टाकणं थांबलं नाही. बाटली संपली, तेव्हा रंजूनं तीच दाखवून मेडिकलातून दुसरी आणली. काचबिंदूचे थेंब चालूच होते.

मग दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. जाळ्याची गाठ डोळ्याला सापडेना, बोटंच चाचपू लागली.

साकोलीच्या दवाखान्यात जाताना बसमध्ये बायाबाई रंजूच्या कानाशी पुटपुटली, "त्या बाटलीचं सांगू नोको वं. गाव म्हणन, सुनेनं सासू आंधळी केली."

डॉक्टर मॅडमनी डोळा तपासला. "दाब चौतीस! मागं सोळा होता. थेंब चुकवता का, आजी?"

"एक दिवस नाई चुकवला."

"दुसरं काही टाकता डोळ्यात?"

"नाई."

रंजूच्या मनगटावर सासूची बोटं आवळली. मॅडमनी कागद ओढला. "मग नागपूरला ऑपरेशनसाठी चिठ्ठी देते."

रंजूनं मनगट सोडवून घेतलं. त्या एका 'नाई'पायी एकुलत्या डोळ्यावर सुरी चालणार होती.

"मॅडम, मीनंच टाकली. रोज चारदा. सीताबाईची बाटली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची."

मॅडमचा पेन थांबला. "अगं, त्यात अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं. काचबिंदूचे थेंब दाब उतरवतात, हे त्याला चढवतं. आजच बंद. दाब उतरवायच्या गोळ्या देते, परवा पुन्हा मोजू. उतरला तर ऑपरेशन टळेल."

"आन् दिसणं गेलं असन ते?" रंजूनं विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. किती गेलं, ते परवा तपासू."

बाहेर स्टँडवर लख्ख ऊन होतं.

"काहून बोलली वं?"

"तर का तुमचा डोळा कापू देऊ, माय?"

बायाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. बराच वेळ पाहत राहिली.

"आज टिकली नाई लावली का?"

रंजूचा हात कपाळाकडे गेला. टिकली होती. लाल, रुपयाएवढी.

"नाई माय," ती म्हणाली, "घाईत राहून गेली."