मधी उभारलेली अंजनी

सीमाभागातल्या वडगावातला तो वॉर्ड या खेपेला बायकांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या पुरुषांना एकाएकी आपापल्या बायकांत गुण दिसू लागले. वीस वर्षं जिला चहात साखर किती घालावी हे कळत नव्हतं, तीच आता महापालिका चालवायला लायक ठरली. असे गुण दिसलेले पुरुष दोन निघाले. एक परशराम, सिमेंट-सळीच्या दुकानाचा मालक. दुसरा युवराज, जो काय करतो हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण दर गणपतीत ज्याचा फोटो मूर्तीपेक्षा मोठा असायचा.

मराठी माणसांची मतं फुटू नयेत म्हणून वॉर्डातल्या पंच कमिटीनं बैठक बोलावली. एका घराला एक मत, आणि बैठकीत जो ठरेल त्याच्याच मागं सगळ्यांनी उभारायचं, असा नियम. कमिटीचे अध्यक्ष रवळूअण्णा स्वतः घरोघरी सांगत फिरले. अंजनीच्या दारात आले तेव्हा ती ओसरीवर बसून मागासाठी रेशमाच्या कांड्या भरत होती.

"गुंडू हाय काय?" त्यांनी विचारलं.

"त्यास्नी रविवारी सकाळची पाळी हाय, मागावर जाणार. मी येते की."

रवळूअण्णांनी तिच्याकडं जरा नवलानं बघितलं. "या की आक्का. बायकांचीच सीट हाय."

अंजनीला जायचंच होतं. दोन पावसाळे नाल्याचं पाणी तिच्या घरात शिरलेलं. दुसऱ्या खेपेला तर दोन साड्यांचं भरून ठेवलेलं रेशीम चिखलात गेलं आणि मागाच्या मालकानं तिच्याकडं चोराकडं बघावं तसं बघितलं. ती अर्ज घेऊन महापालिकेत तीनदा गेली. तिथल्या माणसानं कन्नडमध्ये लिहून आणा म्हटलं, कन्नडमध्ये लिहून नेलं तर तुमचा मेंबर कुठाय म्हटलं. मेंबर, म्हणजे नगरसेवक, कधी गावात नसायचा. तेव्हा आता मेंबर निवडायचाच आहे तर आपण डोळे उघडे ठेवून निवडू, असं तिनं मनाशी धरलं. रविवारी धुतलेलं लुगडं नेसून दहाच्या ठोक्याला ती देवळामागच्या हॉलमध्ये हजर झाली.

हॉलमध्ये शे-सव्वाशे पुरुष आणि नऊ बायका होत्या. बायकांना भिंतीकडं सतरंजीवर बसवलेलं, पुरुष खुर्च्यांवर. पहिला तास सत्कारात गेला. रवळूअण्णांचा सत्कार परशरामनं केला, परशरामचा युवराजनं, युवराजचा रवळूअण्णांनी. तीच शाल तिघांच्या अंगावरून फिरली असती तरी चाललं असतं, असं अंजनीला वाटलं. मग भाषणं झाली. परशराम भाषेवर बोलला. युवराज अस्मितेवर बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज इतका दाटला की त्याला पाणी द्यावं लागलं. नाल्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

"आता मत," रवळूअण्णा म्हणाले. "परशरामकडचे डाव्या अंगाला, युवराजकडचे उजव्या अंगाला. उठा."

खुर्च्या खरडल्या आणि माणसं हलली. अंजनी सतरंजीवरून उठली आणि बघत राहिली. डाव्या अंगाला पंखा होता, उकाडा लागलेले आधी तिकडं गेले. तेवढ्यात उजव्या दारातून शिरा-उप्पिटाची पातेली आत आली, तशी पंख्याखालची दहाबारा माणसं काही आठवल्यासारखं करून उजवीकडं सरकली. परशरामनं आपल्या माणसाला डोळा घातला आणि पातेली उचलून हॉलच्या मधोमध आणून ठेवली गेली. मग काही परत आली. एकजण दोन्हीकडच्यांशी हात मिळवत इतका वेळ फिरत होता की शेवटी त्याला कुणीतरी खांद्याला धरून उभं केलं. शेजारची यशोदाबाई अंजनीला म्हणाली, "चल गं, भाडेकरूला मालकाच्या मागं जायला लागतंय," आणि युवराजच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा घरमालक तिच्याकडं बघून हसला.

अंजनी पातेल्यांपाशीच राहिली.

"आक्का, तुमी कुनीकडं?" रवळूअण्णांनी विचारलं.

"सीट बायकांची हाय न्हवं? मग उभारणाऱ्या बायका कुठं हाईत? मी कुनाला मत देऊ?"

कुणीतरी हसलं. परशराम समजावणीच्या सुरात म्हणाला, "आक्का, आमची रूपाली घरात हाय. तिचं काम मीच बघणार हाय की."

"मग तुमीच लुगडं नेसून अर्ज भरा."

आता बायका हसल्या. परशरामचा चेहरा उतरला. रवळूअण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अंजनीला म्हणाले, "ऱ्हावा मधी. तुमचं एक तटस्थ धरतो." मग त्यांच्या माणसानं दोन्ही रांगा मोजल्या. दोनदा मोजल्या. डावीकडं अठ्ठावन्न, उजवीकडं अठ्ठावन्न.

सगळ्या माना मधोमध वळल्या.

मघापर्यंत जिला बसायला खुर्ची मिळाली नव्हती, तिच्यासाठी चार खुर्च्या आल्या. परशरामनं शिऱ्याची डिश पुढं केली, युवराजनं पाण्याचा ग्लास. युवराज तर वाकून म्हणाला, "आक्का, तुमच्या हातची चटणी-भाकरी खाल्लीया मी ल्हानपनी." अंजनीनं त्याला जन्मात भाकरी दिली नव्हती. गेल्याच पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून कांड्या भरायच्या चरख्याची मोटार काढायला तिनं त्याला हाक मारली होती, आणि तो गच्चीवरून व्हिडिओ काढत उभा होता. तिला वाटलं, ही माणसं एका मतासाठी आपल्याला आई म्हणतील, आणि दुसऱ्या मिनिटाला दुसरीला म्हणतील. चीड यायच्या ऐवजी तिला किळस आली, ताटात झुरळ दिसल्यावर येते तशी.

"दोघींस्नी बोलवा," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडानं ऐकते, मग सांगते."

दोन स्कूटी धावल्या. पंधरा मिनिटांत दोघी आल्या. युवराजची बायको सौम्या लग्नाला निघाल्यासारखी नटून आली. परशरामची रूपाली हाताला लागलेलं पीठ पुशीतच आली. ती गल्लीत ब्लाउज शिवायची, अंजनीच्याही ओळखीची.

अंजनीनं आधी सौम्याला विचारलं, "नाल्याचं पानी आपल्या गल्लीत पहिल्यांदा कुठनं शिरतंय?"

सौम्यानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छताकडं बघितलं. "हे सांगतील," ती म्हणाली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

"आणि तू गं, रूपाली?"

"पुलाखालनं," रूपाली म्हणाली. "तिथं गाळ साठलाय. पर मला कशाला इचारतासा? मला उभं ऱ्हायाचंच न्हाय. मी यास्नी चारदा सांगितलं. अर्जाच्या कागदावर माझी सही बी यांनीच केलीया."

परशराम मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "लाजतीया." कुणीच हसलं नाही म्हणून तो पुन्हा एकदा हसला.

अंजनी उठली आणि जाऊन रूपालीच्या शेजारी उभी राहिली. "माझं मत हिला. हितं आल्यापास्नं खरं बोललेली ही एकटीच हाय."

डाव्या रांगेत टाळ्या पडल्या. उजव्या रांगेतून युवराज ओरडला, जी उभी राहत नाही म्हणते तिला मत कसं? परशराम म्हणाला, एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ. कुणी कुणाची कॉलर धरली, कुणी सोडवायला गेला आणि त्यालाच लागलं. मघा भाषेवर आणि अस्मितेवर बोललेले दोघे एकमेकांच्या आईवर बोलू लागले. एका पातेल्यात पाय पडून उप्पीट सतरंजीभर झालं. रूपाली अंजनीला हळूच म्हणाली, "आता घरात गेल्यावर माझं काय व्हतंय बघा," आणि डोळ्यांत पाणी असूनही हसली.

रवळूअण्णा मात्र शांत होते. त्यांनी पाच पंचांना घेतलं आणि शेजारच्या खोलीत गेले. दहा मिनिटांत बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. समाजात फूट पडायला नको म्हणून दोन्ही नावं मागं घेतली आहेत, आणि पंचांनी सर्वानुमते भाग्यलक्ष्मीचं नाव ठरवलं आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. भाग्यलक्ष्मी म्हणजे रवळूअण्णांची सून. लग्न होऊन तिला आठ महिने झाले होते, ती सांबरे गावची, या गल्लीतलं तिला अजून धड किराणा दुकान ठाऊक नव्हतं.

दोन्ही रांगांनी टाळ्या वाजवल्या. मघाशी कॉलर धरलेले हातसुद्धा टाळ्या वाजवत होते. मग सहीचं रजिस्टर फिरू लागलं.

"मी सही करणार न्हाय," अंजनी म्हणाली. "माझी समती न्हाय ह्याला."

"नका करू," रवळूअण्णा गोड आवाजात म्हणाले. "गुंडूनं केलीया. एका घराला एकच."

तिनं मागं वळून बघितलं. पाळी संपवून आलेला गुंडू दारापाशी उभा होता, अंगावर सुताचे तंतू, हातात शिऱ्याची डिश. काय ठरलं, कोण उभं आहे, त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं.

घर आल्यावर तो म्हणाला, "सही मागितली, दिली. त्यात काय एवढं?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "तुमी पोटभर खाल्लासा न्हवं? झालं तर मग."

त्या महिन्यात तिनं त्याला हाक मारली ती फक्त जेवायला. परशराम रूपालीशी पंधरा दिवस बोलला नाही. रूपाली म्हणाली, लग्नानंतर एवढा आराम तिला पहिल्यांदाच मिळाला.

निवडणूक झाली. भाग्यलक्ष्मी दोनशे बारा मतांनी आली. संध्याकाळी गल्लीतून मिरवणूक निघाली, उघड्या जीपवर रवळूअण्णा, गळ्यात हार, कपाळभर गुलाल. निवडून आलेली बाई मागच्या सीटवर, मान खाली, पदर सावरत बसली होती. जीपच्या पुढं नाचत होते परशराम आणि युवराज, हातात हात घालून.

अंजनीच्या दारापाशी रवळूअण्णांनी जीप थांबवली. खाली उतरून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आक्का, तुमचे लई उपकार हाईत," ते म्हणाले, आणि ते चेष्टेनं म्हणत नव्हते. "तुमी त्या दिशी मधी उभारला म्हनून हे झालं. न्हाईतर दोघातला एक आला असता. आमच्या सुनंच्या नावाची मी तर आशा सोडलीती."

त्या हॉलमधल्या एकूण एक माणसाला अंजनीनं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि आपण तेवढ्या वेगळ्या, असं धरून ती इतके दिवस ताठ मानेनं पाणी भरत होती. आता या माणसाच्या नमस्कारानं तिचं तिलाच कसंतरी झालं. त्यानं गुलालाची चिमूट पुढं केली.

"नगं," ती म्हणाली. "माझं सूत खराब हुतंय."

तिनं कांड्यांची बुट्टी उचलली, आत गेली आणि दाराला कडी घातली. बाहेर बँड पुन्हा सुरू झाला. आत गुंडूनं काहीतरी विचारलं. ती हाताला लागलेल्या कांडीवरच्या धाग्याचं टोक शोधत बसली.