नत्थूजींची बेचाळिसावी सही

नत्थूजींची चहाची टपरी पोलीस ठाण्यासमोर होती, एवढ्याच कारणानं ते पंच झाले होते. पोलिसांना कुठं काय सापडलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि कागदावर सही करायची, हे पंचाचं काम. पाहायच्या भानगडीत नत्थूजी कधी पडले नाहीत. हवालदार कागद आणायचा, ते हात पुसून सही ठोकायचे आणि पुन्हा चहा गाळायला लागायचे. अशा एकेचाळीस सह्या झाल्या होत्या आणि त्यापायी गल्लीत त्यांची चांगलीच वट होती.

कोर्टातून निवृत्त झालेल्या मधुवंतीबाई टपरीवर बसून हे सगळं खोदून खोदून विचारायच्या. वर्षभरानं त्यांनी आपली नवीकोरी रहस्यकादंबरी नत्थूजींच्या हातात ठेवली. नत्थूजींनी ती दोन दिवसांत संपवली; दूध तीनदा उतू गेलं. गुप्तहेर भलताच हुशार, चाकू सापडलेला, रक्त जुळलेलं. तरी शेवटी खुनी हसत हसत घरी गेला! कारण पंचनाम्यावर सही करणारा चहावाला कोर्टात म्हणाला, "मी तर तवा टपरीवर होतो."

नत्थूजींचं टाळकंच फिरलं.

"मॅडम, मले काहून बदनाम केलं? मी काय खून केला?"

"छे हो! तुम्ही फक्त सही केलीत," बशीत चहा ओतत मधुवंतीबाई म्हणाल्या. "खरं सांगा, एकेचाळीसपैकी शिक्षा किती जणांना झाली?"

नत्थूजींनी आठवून पाहिलं. कोर्टात आपण कधी खोटं बोललो नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! वकील विचारायचा, "तुम्ही तिथं होता का?" नत्थूजी "नाही" असं खरं सांगून मोकळे व्हायचे, आणि आरोपीही मोकळा व्हायचा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी हवालदार जितेंद्र कागद घेऊन आला.

"नत्थूजी, मारा सही. खुनाची केस आहे."

"पहिले दाखव."

"काय दाखवू?"

"सापडलं ते. जिथं सापडलं तिथं."

"अजी, तीन माळे चढा लागते!"

गुडघे धरत नत्थूजी चढले. कागदावर हातोडी पलंगाखाली होती, घरात ती खिडकीत पडलेली. त्यांनी जितेंद्रला अख्खा कागद नव्यानं लिहायला लावला. तो दातओठ खात लिहीत राहिला.

दारात मेलेल्याची आई बसली होती.

"भाऊ, तुम्ही कोर्टात येसान ना जी?"

"येईन, माय."

"काय सांगसान?"

इतक्या वर्षांत हे नत्थूजींना कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं, ते कोणाच्या दारापर्यंत गेलेच नव्हते.

"पाहिलं ते," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर बसून त्यांनी सही केली.