बोला, आई

कापूस वेचायला बाया निघाल्या, तशी मनकर्णानंही कमरेला ओटी बांधली. तर तिचा नवरा सुग्रीव दारात आडवा आला अन् त्यानं हात जोडले.

"आसं करू नगा. गाव काय म्हनंल? देवी कापूस येचती व्हय?"

नवरात्रापर्यंत हाच सुग्रीव तिचं बोलणं माशी हाकलल्यागत हाकलायचा. दारू सोडा म्हणून ती दहा वर्षं कानीकपाळी ओरडली. शेवटी तिनं टेकडीवरच्या देवीला मागितलं, "मह्या शब्दाला एकदा तरी किंमत येऊ दे गं माय." आठव्या माळेला संबळ वाजू लागला, बायांच्या अंगात वारं भरू लागलं, अन् मनकर्णाला वाटलं, आपणही घुमून बघावं. केस सोडून ती घुमली अन् नवऱ्याकडं बोट रोखून ओरडली, "बाटली फोड!"

त्यानं फोडली. पुन्हा शिवला नाही.

पण त्या दिवसापासून तिला कुणी नावानं हाक मारीना. रानात जाऊ देईनात, दळणकांडण करू देईनात. मंगळवारी दारात रांग लागायची. सुग्रीव ओसरीवर निजायचा अन् तिला 'तुमी' म्हणायचा.

शेजारची आमिनाबी बांगडीवाली तेवढी जुन्या तोंडानं बोलायची. भिंतीवरून डोकावून म्हणाली, "कावून तोंड पाडून बसलीस गं? समद्यांनी ऐकावं म्हनून मागितलंतंस ना? आता ऐकत्यात!"

"पानी मागितलं आन् हिरीत पडले गं, आमिनाबी."

लांब रानातून बायांचं गाणं वाऱ्यावर येत होतं. मनकर्णा ओठातल्या ओठात पुटपुटली,

पांढऱ्या गं रानामंदी गळा माझा मोकळा
देवपनाच्या साडीचा जीवाला गं सापळा

उन्हं तापली. मंगळवारच होता, दारात रांग लागली. रांग मोडून गावातली योगिता पुढं घुसली. खांद्यावर तिची चार वर्षांची तेजश्री, निखाऱ्यागत तापलेली, डोळे फिरवत असलेली.

"अंगारा लावा, आई. तीन दिस झाले, ताप उतरंना."

"दवाखान्यात न्हेलतं का?"

"तुमी आसताना दवाखाना कशाला?"

मनकर्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मह्या आंगात काय बी येत न्हाई. नवऱ्याची दारू सुटावी म्हनून म्या सोंग केलतं. सोंग! पोरीला घिऊन पळ!"

रांगेतल्या एका म्हातारीनं गालावर हात मारून घेतले. "बगा, आई कशी भक्ती पारखती!"

योगितानं मनकर्णाचे पाय धरले. "परीक्षा नगा बगू, आई."

"आगं येडे, खरं सांगतीय ती!" आमिनाबी भिंतीपलीकडून ओरडली. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

पोरीचा हात लुळा पडला. मनकर्णानं त्या हाताकडं पाहिलं. मग अंबाडा सोडला अन् घुमू लागली.

"ऊठ! आत्ताच्या आत्ता हिला मोठ्या दवाखान्यात ने! डाक्टर म्हनंल तसं कर! न्हाईतर माजा कोप व्हईल!"

घटकेत जीप दारात आली.

सहाव्या दिवशी पोर हसत आली. मागं हलगी, हिरवी साडी अन् चार गावची माणसं. "डाक्टरच्या हातात आईच शिरली व्हती," योगिता सगळ्यांना सांगत होती. मनकर्णानं पोरीला छातीशी धरलं, अन् खरंच तिचे डोळे भरले.

माणसं पांगली. सुग्रीव दारात उभा होता. ती हळूच म्हणाली, "अवं, आत या की. जवळ बसा. दोन शब्द बोलू."

सुग्रीवनं चप्पल काढली. आत आला, गुडघे टेकले अन् कपाळ तिच्या पावलांवर ठेवलं.

"बोला, आई."