दादाचा लाल आकडा

आम्रपालीला आकड्यांची भीती कधीच वाटली नाही. नागपूरहून पुण्याला ती आली तीच डेटा अ‍ॅनॅलिस्टची नोकरी धरून. राहायची नारायण पेठेतल्या एका खोलीत, आणि रविवारी जेवायला धानोरीला सुखदेवदादाकडे. अशाच एका रविवारी जेवणं झाल्यावर दादा लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला.

"आमू, दिवसभर लोकांचे आकडे चाळतेस, माझेही पाहून दे ना. कुठं चुकून राहिलो, तेवढं सांग."

दादा ऑनलाइन पोकर खेळतो हे तिला ठाऊक होतं. त्याच्या सॉफ्टवेअरनं वर्षभराचा एकेक डाव साठवून ठेवलाय, हे मात्र नव्हतं. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नंदावहिनीनं नळ बंद केला.

खेळ तोट्याचा आहे असं आकडेच सांगतील, मग दादा आपसूक सोडेल, असं आम्रपालीला वाटलं होतं. निघालं भलतंच. दादा चांगला खेळत होता. हलके पत्ते आले की मुकाट टाकून द्यायचा. फक्त एखादा मोठा डाव हातचा गेला की त्याचं डोकं फिरायचं, आणि मग येतील त्या पत्त्यांवर तो पैसे लावत सुटायचा. कमावलेलं सगळं तिथंच जायचं.

"मोठा डाव गेला की उठायचं," ती म्हणाली. "बस्स, एवढंच."

शंभरातले किती डाव तो पत्ते न टाकता खेळतोय, हे दाखवणारा एक आकडा तिनं त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बसवून दिला. दादा गरजेपेक्षा जास्त डाव खेळायला लागला की तो लाल व्हायचा. आणि दादा खरंच उठायला लागला. उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचा. "झाडं सडतील आता माझी," वहिनी फोनवर म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. जिंकायला लागलेला दादा आता मोठ्या रकमांच्या टेबलांवर बसतोय, हे दोघींनाही कळलं नाही.

पुढे एका रविवारी ती पोचली, तेव्हा तो खेळत होता. आकडा लाल होता.

"दादा, ऊठ."

"दिसून राहिलं मला," तो शांतपणे म्हणाला.

"मग टाक ना पत्ते!"

"टाकतो." असं म्हणत त्यानं पैसे लावले. "हे चौघं पाहिलेस? यांच्याकडंही असलंच सॉफ्टवेअर आहे. मी हरायला लागलो की माझ्या मागोमाग टेबलावर येतात. मला उठता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे."

"काऊन येत नाही?" दारातून वहिनीनं विचारलं.

दादानं तिच्याकडे पाहिलं. "माहीत नाही, नंदा."

आम्रपालीनं लॅपटॉप मिटला. त्यानं अडवलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला, मग चहा मागितला. वहिनीनं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत त्यानं खिशातून फोन काढला.

"एवढा डाव संपवून येतो," म्हणत तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

"आता काय सांगतात गं तुझे आकडे?" वहिनीनं विचारलं.

आम्रपालीला उत्तर माहीत होतं. तिनं चहा गाळला, कप उचलला आणि दार ढकलून आत गेली. दादानं मान वर न करताच हात पुढे केला, आणि तिनं तो कप त्याच्या हातात दिला.