पश्चात्तापाचा बाक आणि मास्तरांची सुकट

मी पश्चात्तापाचा बाक बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. माझ्यावर बसून आजवर कोणाला फारसा पश्चात्ताप झालेला नाही.

माझा जन्म पनवेलचाच. आमच्याकडच्या सुतारांच्या बैलगाड्या तेव्हा घाटावरसुद्धा नावाजलेल्या होत्या, आणि मी ज्या सागवानी फळीतून निघालो तीही गाडीसाठीच आणलेली होती. पण रंधा मारताना फळीत एक मोठी गाठ निघाली. सुतार म्हणाला, "गाडीला नाय चालायची ही. मिशनच्या साळेला देऊन टाका." जे बैलांना चाललं नाही ते शिक्षणाला चाललं. मला चार पाय बसले आणि मी तळ्याकडच्या मिशन शाळेच्या पडवीत येऊन पडलो. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा वर्षभर बाकी होतं.

शाळा म्हणजे एक लांबलचक कौलारू दालन, पुढे पडवी, पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक. हेडमास्तर काळूराम मास्तर आणि त्यांच्या हाताखाली सत्यवतीबाई. दोघेही ख्रिस्ती. मुलं मात्र सगळ्या गावाची: शेतकऱ्यांची, मिठागरावर राबणाऱ्यांची, बाजारातल्या मुसलमान दुकानदारांची. दालनाच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: सत्य, प्रेम, क्षमा. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची ती नेमकी सत्यावर. मग दर दिवाळीच्या सुटीत सत्याला नव्याने रंग द्यावा लागे.

शाळेवर देखरेख करायला पुण्याहून एक मडमबाई मोटारीने येत. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध होतं. त्यांनी पहिल्याच वर्षी छडी बंद केली. म्हणाल्या, छडीने मुलाला हात लक्षात राहतो, चूक लक्षात राहत नाही. छडीची जागा मला मिळाली.

नियम अगदी सोपे होते. ज्याने चूक केली त्याने आपण होऊन माझ्यावर येऊन बसायचं आणि काय केलं ते मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने त्याचं नाव घ्यायचं नाही, चहाडी करायची नाही. सांगून झालं की सगळ्या वर्गाने म्हणायचं, "क्षमा केली!" हे म्हणणं मुलं पाढ्यांच्या चालीवर म्हणत. बे दुणे चार आणि क्षमा केली, दोन्हीत सारखाच जिव्हाळा.

मडमबाईंच्या लक्षात एवढंच आलं नाही की दालनात उकाड्याने जीव जातो आणि पडवीत तळ्यावरचा वारा येतो. शाळेतली सगळ्यात सुखाची जागा त्यांनी पापी लोकांसाठी राखून ठेवली होती. मार्च उजाडला की माझ्यावर बसायला नंबर लागत. कोणी म्हणे मी मनातल्या मनात खोटं बोललो, कोणी म्हणे मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. ताहेर नावाचा मुलगा, कापडवाल्या इक्बालशेठचा, तो तर एकदा सकाळी सकाळीच येऊन बसला.

"काय केलंस रे?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"बाई, गुनाह केलाय."

"कसला?"

"अजून केला नाय. पण दुपारपर्यंत होईलच."

बाईंनी कपाळाला हात लावला. तिकडे वर्ग तयारच होता: "क्षमा केली!"

पाच वर्षांत शाळेतलं प्रत्येक मूल माझ्यावर बसून गेलं. बसली नव्हती ती फक्त चौथीतली जनी. तिचा बाप रामू मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की मिठाचा हंगाम सुरू होतो आणि घरातले असतील तेवढे हात तिथे लागतात. तरी त्याने जनीला शाळेत ठेवली होती, एकाच बोलीवर. ती बोली त्याने माझ्यासमोरच मास्तरांना ऐकवली होती. "शिकते तवर शिकू द्या. पन पयली तक्रार आली की मिठागरावर. बाकीच्यांसारखी मस्ती करायला मी तिला पाठवत नाय." त्यामुळे जनी वर्गात घामाघूम होऊन बसायची, पण गंमत म्हणूनसुद्धा पाप करायची नाही. आणि मोठ्या माणसांचं विचाराल, तर मास्तर, बाई, मडम यांपैकी कोणीही माझ्यावर कधी टेकलं नाही. मोठी माणसं चुकतच नसावीत, असं मी आपलं समजून घेतलं होतं.

मग ते नाताळ आलं.

शाळेत एक पायपेटी होती. पायाने भाता हलवायचा आणि हाताने सूर धरायचे, अशी मोठी लाकडी पेटी. ती मडमबाईंनी विलायतेहून आणवलेली, त्यामुळे तिचा मान शाळेत देवाच्या खालोखाल, आणि ती वाजे फक्त कार्यक्रमाच्या दिवशी. ती दालनाच्या दाराशीच असे, म्हणजे माझ्या अगदी समोर.

डिसेंबरातल्या एका सकाळी काळूराम मास्तर बाजारातून तसेच शाळेत आले. हातात सुकटीचं पुडकं. चांगली कडकडीत वाळलेली सुकट, रात्री कांद्यावर परतायचा बेत असणार. एवढ्यात मडमबाईंच्या मोटारीचा भोंगा वाजला. आता मडमबाईंना सुक्या मासळीचा वास सोसत नसे. मागे एकदा त्यांनी त्यावरून स्वच्छतेवर तासभर प्रवचन दिलं होतं. मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पायपेटीची मागची फळी सरकवली आणि पुडकं आत ठेवून दिलं. मग कोटाला हात पुसून हसतमुखाने सामोरे गेले.

मडमबाई त्यांना मोटारीत घालून कसल्याशा सभेला घेऊन गेल्या. मास्तर परतले ते तीन-चार दिवसांनी. तोवर उंदरांनी आपलं नाताळ साजरं केलं होतं. मास्तरांनी हळूच फळी काढली. पुडकं फाटलेलं, सुकट अर्धी फस्त आणि भात्याच्या चामड्याला मुठीएवढं भोक. त्यांनी उरलेली सुकट धोतराच्या सोग्यात गुंडाळली, फळी जागच्या जागी लावली आणि खाकरून वर्गात गेले. त्या दिवशीचा पाठ सत्यावर होता.

नाताळच्या कार्यक्रमाला गावातली प्रतिष्ठित मंडळी आली, मडमबाई आल्या. मुलं गाण्याला उभी राहिली. सत्यवतीबाईंनी पायपेटीवर बोटं ठेवली, भाता हलवला आणि पेटीतून दमेकऱ्यासारखा नुसता घर्रर्र आवाज आला. फळी काढून पाहिलं तेव्हा सगळ्यांना भोक दिसलं.

"काल पेटी पुसायची पाळी कोणाची होती?" बाईंनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या. पण पाहुण्यांसमोर गाणं बसकन मारतं तेव्हा माणसाला कोणीतरी लागतंच.

पाळी जनीची होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी मास्तरांकडे बघत होतो. मास्तर कौलांकडे बघत होते. कौलांत एवढं बघण्यासारखं काय होतं देव जाणे.

"जने, बाकावर बस," बाई म्हणाल्या. "खरं सांग, म्हणजे झालं."

जनी येऊन बसली. पहिल्यांदाच. अगदी कडेला, जेमतेम टेकून. मला तेव्हा बोलता येत असतं तर त्या दिवशी मी शाळेचं छप्पर डोक्यावर घेतलं असतं. ती मात्र मास्तरांकडे टक लावून बघत राहिली.

रामूची बोली साऱ्या वर्गाला ठाऊक होती. ताहेर उठून तिच्या शेजारी येऊन बसला. "बाई, पेटी मी फाडली."

मग मागच्या रांगेतला जगन उठला. "खोटं बोलतोय तो. मी फाडली."

"नाय बाई, मी!" "मी पन व्हतो!"

बघता बघता सगळा वर्ग पडवीत. सवयीची मुलं, खोटी पापं कबूल करण्यात त्यांचा हात कोण धरणार? वीस-पंचवीस गुन्हेगार माझ्यावर चढले आणि माझा एक पाय कडाडून मोडला. सगळे जमिनीवर. जनीच्या मायेपोटी किती आले आणि पुढची लांबलचक भाषणं चुकवायला किती आले, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आले खरे.

मडमबाईंचे डोळे भरून आले. "पाहा ही मुले! हेच आपल्या शाळेचे खरे धन आहे." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्यांच्या वतीने क्षमा करायला पुढे कोण यावं? काळूराम मास्तर. असा खणखणीत आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता: "क्षमा केली!"

झालं. मिटलं. करंज्या वाटल्या.

पण पनवेलसारख्या गावात बातमी पायाने चालत नाही. सुटी संपून शाळा उघडली त्याच सकाळी रामू पायरीशी उभा. खांद्यावर पंचा, पायांना मिठागराचा चिखल.

"जनीला न्यायला आलोय."

"अहो, पण तिला क्षमा झाली!" मास्तर घाईने म्हणाले.

"माफी झाली म्हंजे तिनं केलान, आसंच ना?" रामू म्हणाला. "न केल्याची माफी कोन देतो, मास्तर?"

इतक्या वर्षांत शाळेतल्या कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता.  मास्तरांनी जनीला बाहेर बोलावलं.

"जने, तू फाडलीस का पेटी?"

"नाय."

"बघा, नाही म्हणतेय. मग कोणी फाडली, तुला काही ठाऊक आहे का?" हे विचारलं आणि त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"ठाऊक हाय. उंदरांनी." जनी मान खाली घालून म्हणाली. "मी पेटी पुसली तवा आतून सुकटीचा वास आला. आमच्या घरात रोज तोच वास आसतो, मला कळला. आनि बाजाराच्या दिवशी तुमच्या हातात पुडकं व्हतं."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस, बाळ? बाकावर बसवलं तुला. शाळा सुटायची वेळ आली तुझी."

"दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाय, ज्याचं त्यानं उठून सांगायचं, आसं तुमीच शिकवलंय ना?" ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते, गुरुजी."

मला त्या क्षणी खरोखर वाईट वाटलं. जनीचं वाटलं, आणि काय सांगू, मास्तरांचंही वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांचा पाठ ऐकून खरा मानणारी एक मुलगी निघाली, आणि ती नेमकी त्यांच्यासमोर उभी होती.

माझ्या मोडक्या पायाखाली विटा रचलेल्या होत्या. मास्तर आले आणि माझ्यावर बसले. दारात, खिडकीत मुलांची ही गर्दी. "सुकट माझी होती," ते मोठ्याने म्हणाले. "पेटी माझ्यामुळे फाटली. जनीचा काही दोष नाही. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. मडमबाईंना मी आजच जाऊन सांगतो."

वर्गाने आता ते दोन शब्द म्हणायचे होते. एकानेही म्हटले नाहीत. मास्तरांना कोणत्या चालीत क्षमा करायची ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

 रामूने पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि लेकीला म्हणाला, "साळा सुटली की नीट घरी ये," आणि मिठागराची वाट धरली. जनी पाटी घ्यायला आत पळाली. मास्तर मधल्या सुटीची घंटा होईपर्यंत तिथेच बसून होते.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. जनी चौथी पास झाली. पुढचं मला माहीत नाही, पाचवीची मुलं माझ्याकडे येत नाहीत. मडमबाई आपल्या देशी परत गेल्या. मास्तर निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी स्वतः उभं राहून माझा मोडका पाय नवा बसवून घेतला. शाळा मात्र तीच आहे, नवे पाहुणे येतात, त्यांना मला दाखवतात, आणि इथे मुलांना खरं बोलायला शिकवतात म्हणून सांगतात. पाहुणे मान डोलावतात आणि खुर्चीत जाऊन बसतात.

तुम्ही कधी पनवेलला आलात तर खुर्ची मागू नका. सरळ पडवीत या. वारा छान असतो, मुलांची गर्दी थोडी बाजूला करावी लागेल एवढंच. आणि मोडायची भीती बाळगू नका. माझा नवा पाय मोठ्या माणसाच्या वजनाच्या हिशेबानेच बसवलेला आहे.