तपकिरी पाणी

आमच्या सोसायटीतली आयटीवाली मंडळी प्लंबर रंगरावांवर घर टाकून खराडीला कामाला जायची. रंगरावांनी सोबत आणलेल्या फिल्टरवाल्याला मीही म्हणूनच घरात घेतलं. त्याने नळाच्या पाण्यात विजेच्या सळया बुडवल्या. पाणी तपकिरी झालं.

"बघा मॅडम, हेच पिता तुम्ही."

मी रसायनशास्त्र शिकवते. त्याच्याच फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून मी सळया बुडवायला लावल्या. तेही तपकिरी झालं.

"मीठ असलं की पाण्यातून वीज वाहते आणि सळयांचं लोखंड सुटतं. हा त्याचाच रंग आहे. रंगराव, तुम्हाला माहीत होतं?"

"कमिशन मिळतं, ताई. समोरच्या लेले आजींनीपण घेतलाय."

"तुमच्याकडे बघून घेतला त्यांनी. चला, बेल तुम्ही वाजवायची. आणि सांगायचंही तुम्हीच. मी नुसती शेजारी उभी राहणार आहे."